आजीचं इमान

आमच्या होस्टेलमध्ये वाद घालायला विषय लागत नाही, रिकामा वेळ लागतो. आणि तो सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त असतो! अशाच एका रात्री विषय निघाला, विमान कंपन्यांमध्ये चांगली कुठली आणि भंगार कुठली. अर्थात इकॉनॉमी क्लासबद्दलच. बिझनेस क्लासचा पडदा आम्ही फक्त पाठीमागून पाहिलेला.

पाटल्या इंटर्नशिपसाठी बेंगळुरूला जाऊन आला होता, म्हणजे एकूण दोन उड्डाणं. त्या भांडवलावर तो तज्ज्ञ झाला होता. देश्या एकदा ताईकडे दुबईला जाऊन आलेला, त्यामुळे तो भारतीय कंपन्यांची नावं काढली की नाक मुरडायचा. सिंगापूर, कतार यांच्याशिवाय बोलायचाच नाही. मी मेकॅनिकलचा. मला वादापेक्षा तक्ता बरा वाटतो. मी लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये कंपन्या आडव्या, गुण उभे मांडले. तिकीट ३० मार्क, सीट ३०, सामान २०, खाणं २०. एकूण शंभर. विद्यापीठ पॅटर्न!

तक्ता भरताना ज्ञानात बरीच भर पडली. आपल्याला पिच म्हटलं की थ्रेडचा पिच आठवतो. विमानातही पिच असतो. एका सीटवरच्या एका बिंदूपासून मागच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. स्वस्त कंपन्यांत ते साधारण २८ ते ३० इंच. हे कंपनी ठरवते. सीटची रुंदी मात्र बरीचशी विमानच ठरवतं. एअरबस ए-३२० मध्ये ती सुमारे १८ इंच, बोइंग ७३७ मध्ये सुमारे १७. कारण ७३७ ची रुंदी १९५० च्या दशकातल्या ७०७ विमानावरून आलेली. म्हणजे तुमच्या कोपराला जी अडचण होते, तिचं डिझाइन आपल्या आजोबांच्या तरुणपणी झालेलं आहे.

आणि कंपनी एकेका इंचासाठी का रडते, तेही कळलं. तीस रांगांमधून प्रत्येकी एक इंच काढला की तीस इंच मिळतात. म्हणजे एक आख्खी नवी रांग. सहा तिकिटं, प्रत्येक फेरीला! जेवण बेचव का लागतं? केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तसा असतो. हवा कोरडी, त्यात इंजिनाची घरघर. गोड आणि खारट चव जिभेला कमीच कळते. तेव्हा स्वयंपाक्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. (आमच्या मेसला हे कारण लागू नाही. ती तळमजल्यावर आहे.)

आवाज ऐकून रेक्टर सर आले. आता झोपायला सांगणार, असं वाटलं. पण सर खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, "तुम्ही एअर डेक्कन पाहिली नाही रे. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांनी काढली. एक रुपयाचं तिकीट! आणि जाहिरातीत लक्ष्मणचा कॉमन मॅन." मग त्यांना किंगफिशर आठवली. इकॉनॉमीतल्या माणसासमोरही टीव्ही. २०१२ मध्ये तिची उड्डाणं थांबली. जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. सर उठताना म्हणाले, "तुमच्या तक्त्यात एक कॉलम राहिलाय बघा." कुठला ते सांगितलं नाही. सरांची वायवामधलीही हीच पद्धत.

तो कॉलम मला आजीने सांगितला.

आजी कराडजवळ गावाकडे असते. तिचा धाकटा भाऊ, बापूआजोबा, रेल्वेच्या नोकरीनिमित्त नागपूरला गेले आणि तिथलेच झाले. गेल्या जानेवारीत फोन आला, बापूंचं बायपास ठरलंय, उद्या सकाळी आठला. आजीने पिशवी भरायला घेतली. वडील साखर कारखान्यात, गळीत हंगाम जोरात, रजा नाही. रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने गेलो तर पोचेपर्यंत ऑपरेशन सुरू झालेलं असणार. शेवटी पप्पा म्हणाले, "विमानाने ने तिला." आजी पंच्याहत्तर वर्षांची. तिने विमान फक्त शेतातून वर पाहिलेलं. ती त्याला "इमान" म्हणते.

पप्पांनी तिला पहाटे गाडीत बसवून दिलं, मी पुण्यात उतरवून घेतलं. दुपारी २.१० चं विमान. साडेतीनला नागपूर, पाचला हॉस्पिटल. भेटायची वेळ पाच ते सात. सगळं गणित बसत होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण आमच्या तक्त्यात तिला ८१ मार्क होते. पायाला जागा चांगली, तिकीट बेताचं. सिक्युरिटीला मिरचीच्या लोणच्याची बरणी काढून घेतली. आजी त्या जवानाला म्हणाली, "घरी न्ये बाबा, टाकू नगंस." तिळाच्या वड्यांचा डबा मात्र सुटला. संक्रांत दोन दिवसांवर होती. वड्या बापूंसाठी.

गेटपाशी बसलो. दोन वाजता बोर्डवर २.४० झाले. अडीचला ३.१५ झाले. मी काउंटरवर गेलो. "सर, फक्त अर्धा तास." मी फोनवर पाहिलं, दुसऱ्या कंपनीचं ४.४० चं विमान होतं आणि त्यात सीटही होत्या. ते धरलं असतं तर पावणेसातपर्यंत हॉस्पिटल गाठलं असतं. पण दोन तिकिटं म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. मी परत विचारलं, "नक्की ना? पेशंटला भेटायचंय." "येस सर, एअरक्राफ्ट इज अरायव्हिंग." मी मोबाइल खिशात ठेवला.

साडेतीनला चार झाले. चारला पाच झाले. तोपर्यंत त्या दुसऱ्या विमानाचं चेक-इन बंद झालेलं. तेवढ्यात होस्टेलवरून पाटल्याचा फोन. त्याने विमानं दाखवणारं ॲप उघडलं होतं. "अरे, तुमचं विमान दिल्लीत उभंय! सकाळी धुकं होतं तिथे. अजून निघालेलंच नाही."

दिल्ली ते पुणे दोन तासांचं उड्डाण. उतरल्यावर माणसं उतरवायची, सफाई, इंधन, नवी माणसं चढवायची, यात अर्धा तास. म्हणजे विमान दिल्लीत असेपर्यंत अडीच तासांच्या आत आम्ही निघणं शक्यच नव्हतं. हा हिशेब आठवीतल्या पोराला येतो. काउंटरवरच्या माणसालाही येत असणार. तरी तो अडीच वाजल्यापासून अर्धा तास, अर्धा तास करत होता.

धुक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जानेवारीत दिल्लीत धुकं पडणारच. एकेक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं, सकाळची एक चुकली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावांना तिचे हप्ते फेडावे लागतात. पण अडीचला कुणी नुसतं सांगितलं असतं, की बाबा रे, सहाच्या आत काही खरं नाही, तर मी कर्ज काढून ती दोन तिकिटं घेतली असती. निर्णय माझा होता. तो त्यांनी माझ्याकडून अर्ध्या-अर्ध्या तासाने काढून घेतला.

लोक ओरडायला लागल्यावर पाचच्या सुमारास एकेक सँडविच आलं. आजीने ते माझ्याकडे सरकवलं आणि आपली दशमी सोडली. शेंगदाण्याच्या चटणीचा वास गेटभर पसरला. तिने एकदाच विचारलं, "आरं, आमची एष्टी बंद पडली तर कंडाक्टर खाली उतरून सांगतो तरी, की मागची गाडी दीड तासानं हाय, ज्याला टेंपोनं जायचं त्यानं जावा. हितं कुणी सांगाय न्हाई व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. सात वाजले तेव्हा तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिळाच्या वड्यांचा डबा पिशवीत खाली घातला.

विमान ८.२५ ला सुटलं. सीट खरंच ऐसपैस होती. आजी खिडकीत होती, पण तिने बाहेर पाहिलंच नाही. पहिल्यांदा विमानात बसलेली माझी आजी सव्वा तास डोळे मिटून नाव घेत बसली. पावणेअकराला हॉस्पिटल. वॉचमनने वर सोडलं नाही. सकाळी आम्ही वर पोचलो तेव्हा बापूंना तयारीसाठी आत नेलेलं. आजी बाकावर पाच तास बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

बापू वाचले, हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागले आणि पहिलंच वाक्य, "आक्के, तुझ्या इमानापेक्षा माझं बायपास लवकर आटपलं की गं!" सगळे हसले. आजी हसता हसता रडली. पण ते वाचले नसते तर? त्या सँडविचची किंमत काय झाली असती, याचा विचार मी अजून पूर्ण केलेला नाही.

आठवड्याने परतलो ते दुसऱ्या कंपनीच्या विमानाने. आमच्या तक्त्यात तिला ५८ मार्क. सीट मागे होत नाही, गुडघे पुढच्या सीटला टेकतात, खाणं विकत. आणि नशीब बघा, पुन्हा तेच धुकं! पण घरातून निघायच्या आधीच मेसेज आला, विमान अडीच तास उशिरा, कारण दिल्लीतलं हवामान, आधीच्या किंवा नंतरच्या विमानाने जायचं असेल तर बदल फुकट. आम्ही जेवून निघालो. एअरपोर्टवर व्हीलचेअर तयार होती. काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची असेल. तिने आजीसमोर गुडघ्यावर बसून सांगितलं, "आजी, विमान अजून दिल्लीलाच आहे. धुकं पडून राहिलं ना तिकडे. साडेपाचच्या आत काही होत नाही. तुम्ही निवांत पडा, मी स्वतः घ्यायला येते." आणि ५.१० ला ती आली.

या वेळी आजीने खिडकीतून सगळं पाहिलं. ढग पाहून म्हणाली, "कापूस पिंजून ठेवलाय जणू." पुण्यात उतरल्यावर मी सहज विचारलं, "आजी, कुठलं विमान चांगलं गं? जातानाचं की येतानाचं?"

"येतानाचं."

"अगं, पण जातानाची सीट मोठी होती."

"सीट घिऊन काय करायचं? त्या पोरीनं खरं सांगितलं."

होस्टेलवर येऊन मी तक्ता उघडला. राहिलेला कॉलम घातला, 'बिघडल्यावर काय करतात?' त्याला ५० मार्क दिले, बाकीच्यांना मिळून ५०. पाटल्या म्हणाला, हा भावनिक निकष आहे. मी म्हटलं, नाही रे, हा तर शुद्ध मेकॅनिकल निकष आहे. पंप घेताना आपण फक्त चालू असतानाची एफिशियन्सी पाहतो का? बंद पडल्यावर मिस्त्री किती वेळात येतो आणि खरं कारण सांगतो का, हेही पाहतोच ना?

मित्रांनो, तुमच्यासाठी उपयोगाचं चार ओळींत सांगतो. घाईचं काम असेल तर दिवसाचं पहिलं विमान धरा, उशीर साठायला वेळ मिळालेला नसतो. डीजीसीए दर महिन्याला कुठली कंपनी किती वेळेवर आणि दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी, हे आकडे प्रसिद्ध करते, ते पाहा. आपल्या छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पाणी हा हक्क आहे, उपकार नव्हे. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. विद्यार्थी म्हणून काही कंपन्या सवलत आणि १० किलो जादा सामान देतात, आयकार्ड जवळ ठेवा. घरातलं म्हातारं माणूस असेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगा. आणि गेटवर कुणी "फक्त अर्धा तास" म्हणालं, तर आपलं विमान आत्ता कुठल्या गावात आहे ते आधी बघा.

हे सगळं लिहून मी खूश झालो होतो. तेवढ्यात प्रोजेक्ट गाइड सरांचा फोन आला, "काय रे, रिपोर्ट कुठपर्यंत आलाय?" माझ्या तोंडून सवयीने निघालं, "सर, होतच आलाय, फक्त..."

फक्त अर्धा तास!

जीभ चावली. गेले दोन महिने मी सरांना हेच सांगत होतो. माझं विमान अजून दिल्लीतच होतं. धुकंही नव्हतं. मी म्हटलं, "सर, खरं सांगू? तिसरं चॅप्टर सुरूच केलेलं नाही. दहा दिवस लागतील."

सर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मग मी रिव्ह्यू पुढे ढकलतो."

आजी विमानाला इमान म्हणते तेव्हा पूर्वी मी तिला सुधारायचो. आता नाही सुधारत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)