टक्केवारीचं वय

कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘किती टक्के चान्स आहे?’ हल्ली बरेच जण उत्तर मोबाइलवर शोधूनच येतात. ‘पाच वर्षांचा जगण्याचा दर ४५ टक्के’ असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि मंडळी पार हबकून गेलेली असतात. हे आकडे जिथे तयार होतात, त्या कर्करोग नोंदणीच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणून सांगते, प्रत्येक टक्केवारीला वय असतं. ते न विचारता तिच्यावर विसंबू नये.

पाच वर्षांचा दर काढायचा, तर पाच वर्षं किंवा त्याहून आधी निदान झालेले रुग्ण घ्यावे लागतात. नोंदी जुळवून, तपासून, छापून होईपर्यंत आणखी काही वर्षं जातात. तेवढ्यात उपचार पुढे गेलेले असतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर अमेरिकेत २००१ साली इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. त्या वर्षी निदान झालेल्या रुग्णाला पुस्तकात जो दर दिसत होता, तो गोळी येण्याआधीच्या रुग्णांचा होता. प्रत्यक्षात, त्या गोळीच्या मुख्य चाचणीत दहा वर्षांनंतरही ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते.

दर रुग्णाबरोबरही बदलतो. कागदावर मांडून पाहा. समजा, एका कॅन्सरचे १०० रुग्ण आहेत. पहिल्या वर्षी ३० दगावले, दुसऱ्या वर्षी १५, पुढच्या तीन वर्षांत मिळून १०. पाच वर्षांनी उरले ४५. म्हणजे दर ४५ टक्के. पण ज्याने पहिली दोन वर्षं पार केली, तो आता उरलेल्या ५५ जणांतला आहे. त्या ५५ पैकी ४५ जण पाचवं वर्ष गाठतात, म्हणजे सुमारे ८२ टक्के. निदानाच्या दिवशी ऐकलेला ४५चा आकडा उराशी धरून तो माणूस दोन वर्षांनंतरही तेवढाच घाबरत राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. अर्थात, हा दिलासा सगळीकडे सारखा नसतो. काही प्रकारचे स्तनांचे कॅन्सर दहा-दहा वर्षांनीही उलटतात. त्यामुळे तपासण्या चुकवायच्या नाहीत.

आता दराची दुसरी बाजू. दर वाढला म्हणजे जीव वाचलेच, असं नाही. एखाद्या बाईंना ६२व्या वर्षी गाठ लागली आणि ६५व्या वर्षी त्या गेल्या, तर हिशेबात तीन वर्षं येतात. तोच आजार तपासणीत ५८व्या वर्षी सापडला आणि तरीही त्या ६५व्या वर्षीच गेल्या, तर सात वर्षं. पाच वर्षांच्या यादीत त्या ‘जगल्या’, पण आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने थायरॉइडच्या बारीक बारीक गाठी शोधायची लाटच आली. १९९३ ते २०११ या काळात तिथे या कॅन्सरच्या निदानांचं प्रमाण पंधरापट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र जागचं हललं नाही. ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्याही यादीत आल्या आणि दर फुगला.

म्हणून मी दराशेजारी मृत्यूंचा आकडा मागते. तो घटलेला आपल्याकडेच दिसला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या तपासण्यांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष जगापुढे आले.

ही सगळी मोजणी उभी आहे ती पायपिटीवर. मुंबईची नोंदणी १९६३ साली सुरू झाली, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ साली. कार्यकर्ता जुनी फाइल घेऊन पत्त्यावर जातो, तर चाळीच्या जागी टॉवर. खालचा दुकानदार सांगतो, ‘ते विरारला गेले.’ तिथे कळतं, गावी गेले. गावी मृत्यूची नोंद सापडलीच, तर कारणाची जागा कोरी. असे बेपत्ता रुग्ण हयात धरले तर दर खोटा वाढतो. गाळून टाकले, तर उरलेल्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधावा लागतो.

तेव्हा डॉक्टरांना नुसतं ‘किती टक्के’ विचारू नका. हा आकडा कोणत्या वर्षांतल्या रुग्णांचा, कोणत्या स्टेजचा, आणि आज इथवर पोहोचलेल्या आमच्या माणसासाठी तो किती, हेही विचारा. आणि नोंदणीचा कार्यकर्ता दारात आला, तर त्याला टाळू नका. ‘बरे आहेत, कामावर जातात,’ एवढं सांगितलंत तरी पुरे. कारण आज निदान झालेल्या माणसाला उद्या जो खरा आकडा सांगायचा आहे, तो अशाच उत्तरांतून तयार होतो.