दाराबाहेरच्या साक्षी

एकाच खासगी मॉन्टेसरी शाळेविषयी दोन पालकांस त्यांचा अभिप्राय विचारला असता, हे दोघे एकाच इमारतीविषयी बोलत आहेत की दोन निराळ्या गावांतील दोन निराळ्या संस्थांविषयी, असा संभ्रम ऐकणाऱ्यास पडावा, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. हायस्कुलाविषयी सहसा असे होत नाही. तेथे निकालाची टक्केवारी असते, शिष्यवृत्तीधारकांची फेरिस्त असते, प्रगतिपुस्तकावर शिक्का असतो; मतभेद झालाच तर तो या दस्तऐवजांच्या अर्थाविषयी होतो. परंतु जेथे परीक्षा नाही, क्रमांक नाही, गृहपाठ नाही, आणि ‘आज शाळेत काय केलंस?’ या आईच्या प्रश्नास तीन वर्षांचे मूल ‘काही नाही’ एवढेच उत्तर देऊन खेळावयास पळते, तेथे पालकाच्या मताला आधार द्यावयास कागदाचा एक कपटाही उपलब्ध नसतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याची हमीदेखील सहाव्या वर्षापासून सुरू होते. त्यापूर्वीचा सारा मामला पालक आणि संस्था यांच्या परस्पर विश्वासावर सोपविलेला आहे.

पुण्यात आम्ही राहतो त्या वसाहतीच्या टोकाशी एका जुन्या बंगल्यात अशी एक शाळा भरते. तिन्ही वर्षांची मुले तेथे एकाच दालनात वावरतात, फी भरभक्कम आहे, आणि सकाळी साडेनऊस फाटक लागले की ते साडेबारापर्यंत उघडत नाही. महसूल खात्यातील नोकरी संपल्यावर नातवास पोहोचविण्याचे व आणण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले, आणि फाटकाबाहेर ताटकळण्याच्या त्या वेळात मी ज्या जबान्या ऐकल्या त्या हद्दीच्या तंट्यातील जबान्यांइतक्याच परस्परविरुद्ध, आणि तितक्याच निष्ठेने दिलेल्या होत्या.

एका आजींचा आक्षेप सर्वांत सुटसुटीत होता. नात शाळेत एका वाटीतली डाळ दुसऱ्या वाटीत ओतते, पितळेची घंटी चिंचेने घासते आणि खाऊ झाल्यावर टेबल पुसते, हे कळताच त्या म्हणाल्या, “अहो, ही सगळी कामं आमच्या घरी पडलीत. वर एक पैसा न घेता शिकवीन मी तिला!” बँकेत अधिकारी असलेल्या एका तरुण गृहस्थांचे दुःख याहून गंभीर होते. त्यांचा मुलगा हजार सोनेरी मण्यांचा घन दोन्ही हातांनी सावरीत आणून ‘हे हजार’ असे बिनचूक सांगतो. पण वहीत एकपासून वीसपर्यंतचे आकडे ओळीने लिहावयास बसविले तर सातापाशी उठून जातो. शेजारचा समवयस्क मुलगा शंभरापासून उलटे आकडे घडाघडा म्हणून दाखवितो, पाहुणे त्याचे कौतुक करतात, आणि पहिलीच्या प्रवेशाची मुदत जवळ येत चालली आहे, या तिहेरी चिंतेने हे गृहस्थ ग्रासले होते.

परंतु मला विचारात पाडले ते दोन मातांच्या सांगण्याने. कारण त्या दोघींना शाळेने एकच उत्तर दिले होते. पहिलीचा मुलगा फार उशिरा बोलू लागला. आधीच्या बालवर्गातून ‘याला घरीच ठेवा’ असा निरोप आलेला, येथे मात्र ताईंनी तिला सांगितले, “तो त्याच्या गतीनं चाललाय. थांबा.” ती थांबली, आणि एके दिवशी त्या मुलाने पाणी सांडलेले पाहून “फडकं आणा” असे खणखणीत वाक्य उच्चारले. हे सांगताना त्या माउलीचा कंठ दाटून येत असे. दुसरीची मुलगी गोगलगाय वृत्तीची. ती महिनोन्‌महिने तेच ते काम उचलून कोपऱ्यात बसते, अक्षरांच्या पाट्यांकडे फिरकत नाही, अशी आईची तक्रार होती, आणि तिलाही उत्तर मिळाले ते हेच: “ती तिच्या गतीनं चाललीये.” पुढे लग्नसमारंभात एका डॉक्टर आप्ताने त्या मुलीस वस्तू नाकाशी धरून पाहताना हेरले, आणि तिला भरपूर नंबरचा चष्मा लागला. जे वाक्य एका घरी आशीर्वाद ठरले तेच दुसऱ्या घरी अक्षम्य हलगर्जीचे निमित्त झाले. आणि त्या दोघी फाटकाशी समोरासमोर आल्या की एकमेकींस बावळट समजून मंद स्मित करीत.

अशा प्रसंगी ‘ज्याचे त्याचे मत’ असे म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. ती सभ्य असली तरी आळशी आहे. या जबान्यांत खोटे बोलणारा कोणीच नव्हता. मात्र प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही कोणी नव्हता. साडेनऊ ते साडेबारा या तीन तासांत त्या दालनात काय घडते हे कोणीच पाहिले नव्हते. आजींनी ऐकीव माहिती सांगितली, बँकेतील गृहस्थांनी शेजाऱ्याशी तुलना केली, आणि दोघी मातांनी परिणामावरून कारण ताडले. आमच्या खात्यात अशा पुराव्यावर एका बांधाचाही निवाडा झाला नसता. साहेब म्हणाले असते, आधी स्थळपाहणी करा.

आणि आश्चर्य असे की या पद्धतीचा जन्मच मुळी पाहण्यातून झालेला आहे. मारिया मॉन्टेसरी या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. रुग्णाचे निरीक्षण केल्यावाचून निदान करावयाचे नाही, हा संस्कार घेऊन त्या बालकांकडे वळल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले ‘बालकांचे घर’ उघडले, तेही स्वतंत्र वास्तूत नव्हे, तर मजुरांच्या कुटुंबांनी भरलेल्या एका चाळवजा इमारतीतच. त्या बालगृहांची नियमावली उपलब्ध आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. पालकांनी पैसा द्यावयाचा नाही. मात्र मूल स्वच्छ अंगाने व स्वच्छ कपड्यांत वेळेवर पाठवावयाचे, संचालिकेशी आदराने वागावयाचे, आणि आठवड्यातून निदान एकदा आईने तिच्याशी मुलाच्या घरच्या वागणुकीविषयी बोलावे, अशी त्यात योजना आहे. पालक उद्धटपणे वागल्यास मुलाचे नाव कमी करण्याचे कलमही त्यात आहे. तेव्हा ही काही पालकांची खुशामत नव्हे. पण संचालिकेने त्याच इमारतीत राहावयाचे होते, आणि शाळा घरातच आणल्यामुळे शिक्षिकेचे सारे जीवन आईबापांच्या डोळ्यांसमोर राहते, याचा मॉन्टेसरीबाईंना अभिमान होता. जिना उतरताना आईने डोकवावे आणि आपले पोर काय करीत आहे ते पाहून कामावर जावे, इतके ते सहज होते.

आपल्याकडे १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मॉन्टेसरीबाई मद्रासजवळ अड्यारला आल्या, आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम कित्येक वर्षे लांबला. पण त्यापूर्वीच भावनगरास गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू करून ही पद्धत गुजरातेत रुजविली होती, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ती महाराष्ट्रात आणली. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत स्थिरावले. बालवाडी उघडली तरी पाड्यावरची मुले येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. विलायती लाकडी साहित्याच्या जागी बिया, शंखशिंपले, पाने आणि बांबूच्या कांड्या आल्या, आणि झोपडीपुढच्या अंगणात शाळा भरू लागली. त्या अंगणातील आईस अक्षरओळख नव्हती. पण दळताकांडताना शाळा तिच्या नजरेखाली चाले. तिचे शाळेविषयी जे काही मत झाले असेल ते पाहून झालेले होते.

रोममधील चाळ आणि कोसबाडचे अंगण या दोहोंपासून आमच्या वसाहतीतील बंगला किती दूर आला आहे, हे त्याच्या फाटकावरून कळते. मॉन्टेसरी हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. ते फलकावर रंगविण्यास कोणाची सनद लागत नाही. या पद्धतीचा गुलाबी मनोरा आणि खरखरीत अक्षरे बाजारात विकत मिळतात. विकत न मिळणारी वस्तू एकच, ती म्हणजे मुलाकडे पाहण्याची सवय. आणि खासगी शाळेच्या व्यवहारात जो फी भरतो, म्हणजे ज्याला वस्तुतः ही शाळा विकली जाते, त्यालाच नेमके पाहण्यापासून वगळलेले असते. पावतीमुळे त्याला तक्रारीचा हक्क मिळतो, डोकावण्याचा नाही. मग तो जे दिसते त्यावरून मत बनवितो: वही, शेजारचा मुलगा, वार्षिक समारंभातील नृत्य.

बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर मला एक दिवस त्या दालनात बसावयाची परवानगी मिळाली. भिंतीलगत बसावयाचे, बोलावयाचे नाही, मुलाने पाहिले तरी कौतुकाने हसावयाचे नाही, अशा अटी होत्या, आणि त्या योग्यच होत्या. चार वर्षांच्या एका मुलीने चटई पसरली आणि कपाटातून गुलाबी ठोकळे एकेक करून आणले. ठोकळे दहा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरांचा, सर्वांत लहान एका सेंटिमीटरचा. मोठा ठोकळा पोटाशी धरून ती अशा गांभीर्याने चालत होती की जणू देव्हाऱ्यातील मूर्ती नेत आहे. मनोरा उभा राहिला. पण मध्ये कोठेतरी क्रम चुकल्यामुळे एका ठोकळ्याची कड बाहेर डोकावत होती. ती दोन पावले मागे सरली, मान तिरकी केली, बोटाने ती कड चाचपली, आणि हूं की चूं न करता सारा मनोरा उतरवून तिने पुन्हा आरंभ केला. ताई पलीकडे बसून हे सर्व पाहत होत्या व जागच्या हलल्या नाहीत. चूक दाखविण्याचे काम त्या कडेने केले होते.

त्याच वेळी खिडकीशी एक मुलगा होता. त्याने पाण्याचा तांब्या उचलला व ठेवला. मण्यांची पेटी उघडली व मिटली. एका मैत्रिणीच्या चटईवर पाय दिला, तिने ढकलताच दुसरीकडे गेला. जवळजवळ तासभर त्याचे हे भ्रमण चालले होते. ताईंची नजर त्याच्यावरून गेली, पण स्थिरावली नाही. त्या वेळीही त्या जागच्या हलल्या नाहीत.

माझ्या मनातील साऱ्या जबान्यांचा उलगडा तेथे झाला. मुलीच्या बाबतीत ताईंचे न उठणे हा संयम होता. मुलाच्या बाबतीत तेच न उठणे दुर्लक्ष होते. आणि या दोहोंची बाह्य आकृती अगदी एकच होती. ‘त्याच्या गतीनं चाललाय’ हे वाक्य ज्या शिक्षिकेने त्या मुलाकडे पुष्कळ काळ पाहिले आहे तिच्या मुखी ज्ञान असते, आणि जिने पाहिले नाही तिच्या मुखी ती पळवाट असते. शाळा चांगली की वाईट असा निकाल मागणारे पालक एकाच इमारतीत एकाच वेळी नांदणाऱ्या या दोन गोष्टींपैकी आपल्या वाट्याला आलेली तेवढी सांगत असतात. दोघेही खरे असतात. दोघांचा निष्कर्ष मात्र अपुरा असतो.

शाळाचालकांची बाजू मला कळते. आई दाराशी दिसली की मूल हातातील काम टाकते. आणि पंचवीस घरांतील माणसे रोज भिंतीला टेकून बसू लागली तर दालनाचा बाजार होईल. पण ही अडचण कशी पाहू द्यावे याविषयी आहे, पाहू द्यावे की नाही याविषयी नव्हे. पाळीने, ठरलेल्या दिवशी, अटी घालून एकेका पालकास तासभर बसू देणे हे कोणत्याही शाळेस न परवडण्यासारखे नाही. आणि आपल्या मुलाऐवजी एखाद्या परक्या मुलाकडे तासभर निमूटपणे पाहणे हे पालकालाही उपकारक आहे, कारण त्यानंतर तो शेजारच्या मुलाचे उलटे आकडे थोड्या निराळ्या कानांनी ऐकतो.

तेव्हा प्रवेशासाठी कोणी माझा सल्ला विचारला, तर मी त्यास इतर पालकांची मते गोळा करीत हिंडू नका, असे सांगतो. कार्यालयात जाऊन फीचे हप्ते, माध्यम आणि शिक्षिकांची पदवी यांची चौकशी अवश्य करावी. पण शेवटी एवढे विचारावे, की मला एक सकाळ भिंतीशी बसून पाहावयाचे आहे, केव्हा येऊ? या प्रश्नाला जी शाळा तारीख देते तिच्या उणिवा निदान तुम्हांला दिसतील, आणि दिसल्या म्हणजे त्यांविषयी ताईंशी बोलता येईल. जी शाळा उत्तरादाखल रंगीत माहितीपत्रक पुढे करते, तिच्याविषयी तुमचे मत पुढे कसेही होवो, अनुकूल वा प्रतिकूल, ते फाटकाबाहेर बनलेले असेल.