न्हाणीघराचा जीर्णोद्धार

प्रत्येक घरात पाहुण्यांना दाखवायच्या खोल्या वेगळ्या असतात आणि घरच्यांनी सोसायच्या वेगळ्या. बाहेरच्या खोलीला चार-पाच वर्षांनी रंग मिळतो, स्वयंपाकघराला नवा ओटा मिळतो. न्हाणीघराच्या वाट्याला मात्र ‘पाणी येतंय ना? मग झालं!’ एवढीच चौकशी येते. आमच्या न्हाणीघराची तर तेवढीही चौकशी एकतीस वर्षांत कुणी केली नव्हती.

१९९३ साली वडिलांनी गिरगावातले चाळीतले बिऱ्हाड मोडले आणि प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून वसई रोडला ही जागा घेतली. तेव्हा इथे महानगरपालिका नव्हती आणि जिल्हा होता ठाणे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. म्हणजे जागचे न हलता आम्ही शहरही बदलले आणि जिल्हाही बदलला. बदलले नाही ते एवढेच, चार फूट रुंद आणि सहा फूट लांब असे आमचे न्हाणीघर. बोरिंगच्या मचूळ पाण्याने नळावर पांढरी पुटे चढली होती, लाद्यांच्या फटी काळ्या पडल्या होत्या आणि दाराच्या खालच्या फळीने कधीच राम म्हटला होता.

मी मराठीचा प्राध्यापक. ‘न्हाणी’ हा शब्द संस्कृत ‘स्नान’पासून निघून प्राकृतात ‘ण्हाण’ झाला आणि तिथून मराठीत कसा सुखरूप येऊन पोचला, हे मी वर्गात पंचेचाळीस मिनिटे सांगू शकतो. पण आमच्या न्हाणीतले पाणी दुसऱ्या मजल्यावरून निघून पहिल्या मजल्यावर कसे पोचते, हे मात्र मला सांगता येईना. गेल्या वर्षी गणपतीनंतर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. सज्जन माणूस. “सर, तसं काही नाही, पण सवड झाली की आमचं छत एकदा बघून जा,” म्हणाले. मी जाऊन पाहिले. छतावर ओलीचा हा एवढा नकाशा उमटला होता आणि त्याच्या टोकाशी एक थेंब पडण्याच्या तयारीत होता.

दुसऱ्या दिवशी एका ठेकेदाराला बोलावले. त्याने बोटांच्या पेरांनी भिंती वाजवून पाहिल्या, डॉक्टरांसारखी मान हलवली आणि निदान सांगितले : “सगळं फोडावं लागेल. वॉटरप्रूफिंग संपलंय.” खर्च एक लाख ऐंशी हजार. मोहेंजोदडोच्या लोकांनी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या मोठ्या स्नानकुंडाला जिप्समचा गिलावा आणि डांबराचा थर देऊन पाणी अडवले होते, हे मला त्याला सांगावेसे वाटले. पण त्यामुळे एक लाख ऐंशी हजारांतून एक रुपयाही कमी होणार नव्हता.

आमच्या सौभाग्यवती शाळेत विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, “अहो, फोडायच्या आधी पाणी कुठून जातंय ते तरी बघू या. न्हाणीघराच्या नळाचा कॉक दोन दिवस बंद ठेवू. आंघोळीला स्वयंपाकघरातून बादल्या भरून नेऊ. जमिनीवर पाणी तर पडणारच. तरीही खालचा थेंब थांबला, तर दोष लादीचा नाही, भिंतीतल्या पाइपाचा.”

इतकी साधी गोष्ट! दोन दिवस आम्ही बादल्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी खालून निरोप आला की थेंब थांबला. कॉक उघडला, तर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा हजर! जमीन निर्दोष सुटली. एक लाख ऐंशी हजार रुपये वाचवण्याचा हा प्रयोग फुकट झाला. वाचकांपैकी कुणाच्या खालच्या मजल्यावर असा नकाशा उमटला असेल, तर त्यांनी घण मागवण्याआधी तो जरूर करून पाहावा.

मग प्लंबर आला. त्याने नळाभोवतीच्या दोन लाद्या काढल्या. भिंतीतला लोखंडी एल्बो आट्यांपाशी हलत होता आणि तिथून पाण्याची बारीक धार भिंतीत झिरपत होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, हा नळ ओढतं कोण?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. दोन वर्षांत तो नळ पाच-सहा वेळा सैल झाला होता आणि दर वेळी मीच त्याला टेफ्लॉनची टेप गुंडाळून, पान्याने आवळून, मोठ्या अभिमानाने ‘झालं!’ म्हणून बाहेर आलो होतो. माझा संशय होता चिरंजीवांवर. नळाला बादली टांगणे, ओला टॉवेल अडकवणे असले उद्योग तोच करणार. त्या रात्री जेवताना मी त्याला फैलावर घेतले. तो शपथा घेऊ लागला. तेवढ्यात आई म्हणाली,

“त्याला बोलू नकोस रे. नळ मी धरते.”

“कशाला?”

“उठायला.”

आणि तिने भातावर आमटी घेतली.

माझ्या आईला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले होते. पाटावर बसून आंघोळ करण्याची तिची जन्माची सवय. बसणे जमत होते. उठताना गुडघे ऐकत नव्हते. तेव्हा समोरच्या नळाला धरून, सारा भार त्याच्यावर टाकून ती रोज सकाळी उठत होती. आणि मी दर चार महिन्यांनी तो नळ आवळत होतो. नळ का सैल होतो, एवढे विचारायचे मात्र मला सुचले नव्हते.

“आई, अहो, मला हाक मारायची ना!” सौ. कळवळून म्हणाल्या. “आणि उद्यापासून कडी लावू नका. दार नुसतं लोटून घ्या. मी बाहेर उभी राहीन.”

सूचना शहाणपणाचीच होती. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आंघोळ केली नाही; म्हणाली, जरा कणकण वाटतेय. तिसऱ्या दिवशीही कणकण होती. थर्मामीटरला मात्र ती दिसेना. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गिरगावात आमच्या दोन खोल्यांना न्हाणीघर नव्हते. स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात वीतभर कठड्याची एक मोरी होती. तिथेच भांडी घासायची, तिथेच हातपाय धुवायचे आणि जुन्या लुगड्याचा पडदा ओढून तिथेच आंघोळही करायची. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचे मिळून. आईची आंघोळ पहाटे चारला असे. मला वाटायचे, ती धार्मिक आहे म्हणून. खरे कारण असे, की चारनंतर त्या पडद्याच्या अलीकडे कुणी ना कुणी जागे असे. लग्न झाल्यापासून पंचवीस वर्षे तिने अंगावर घाईघाईने पाणी ओतले, तेही तांब्याचा आवाज होणार नाही अशा बेताने.

वसईला आलो त्या दिवशी सामान लावून झाल्यावर ती आंघोळीला गेली आणि आतून कडी लावली. पाऊण तास झाला तरी बाहेर येईना. पाण्याचाही आवाज नाही. शेवटी वडिलांनी घाबरून दार वाजवले, तेव्हा आतून आवाज आला, “काही नाही हो. नुसती बसलेय.”

त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो आणि त्या उत्तराला हसलो होतो. आम्ही वसईला काय मिळवले, याचा हिशेब वडील चौरस फुटांत मांडत. आईच्या लेखी ती जागा म्हणजे एक कडी होती. आणि आता आम्ही तिला सांगत होतो, कडी लावू नका.

तेव्हा जीर्णोद्धाराचा हेतू ठरला. न्हाणीघर झकपक करायचे नाही. आईला आत एकटीने, कडी लावून, न पडता आंघोळ करता आली पाहिजे. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. अभ्यंगस्नान म्हणजे तेल आणि तेल म्हणजे घसरण. मुदत पंचांगानेच घालून दिली.

भिंतीतला सांधा प्लंबरने बदलला. ते त्याचे काम, तिथे मी हात घातला नाही. पुढचे सारे आम्ही घरच्या घरी केले. आधी लाद्या. मी हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणली होती, ती सौ.नी दारातच जप्त केली. “ॲसिडानं मेण निघेल आणि फटींतलं सिमेंटही निघेल. आणि चुकून ब्लीचिंग पावडरीत मिसळलं, तर क्लोरीन वायू होईल.” नळावरची पांढरी पुटे म्हणजे बहुतांशी पाण्यातला चुना, त्याला मोठे ॲसिड लागत नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला तासभर गुंडाळून ठेवले आणि ब्रशने घासले. खालून चक्क चकाकता नळ निघाला. तो असा दिसतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

मग फटी. करवतीच्या मोडक्या पात्याने काळे पडलेले जुने सिमेंट खरवडायचे, धूळ झाडायची, फट किंचित ओली करायची आणि ग्राउट कालवून रबरी पट्टीने तिरके ओढत भरायचे. सरळ ओढले तर पट्टी फटीत शिरते आणि भरलेले बाहेर काढते. थोड्या वेळाने ओल्या स्पंजाने पुसायचे आणि दिवसभर पाणी लागू द्यायचे नाही. चिरंजीवांवर खोटा आळ घेतल्याची भरपाई म्हणून मी त्यांना बोलावले नव्हते. पण ते आपणहून आले आणि माझ्यापेक्षा सरळ रेघा भरून गेले. काढलेल्या दोन लाद्यांना जोड सबंध वसईत मिळाली नाही. मुलीने निळ्या दोन निवडल्या. पांढऱ्या भिंतीवर त्या ठिगळासारख्या दिसतात. तरी नळ कुठे आहे हे चष्म्याशिवायही कळते, असे आईचे मत पडले.

खरे काम होते भिंतीवर स्टीलची दांडी बसवण्याचे. बाजारात रबरी चकतीने हवेच्या दाबावर चिकटणाऱ्या दांड्या मिळतात. दिसायला सोप्या, पण ज्या दांडीवर माणसाचा भार पडायचा, ती हवेच्या भरवशावर सोडणे बरे नव्हे. मी आईला कोरड्या न्हाणीघरात बसवले आणि म्हटले, “आता ऊठ.” तिचा हात आपसूक जिथे गेला, तिथे खडूने खूण केली. वीट भरीव आहे ना, ते लादी वाजवून पाहिले. पोकळ वाजणारी जागा सोडली आणि नळाच्या वरून जाणाऱ्या पाइपाची रेषाही सोडली. लादीवर चिकटपट्टी लावून आधी ड्रिल हळू, ठोका न देता चालवले, म्हणजे चकाकी तडकत नाही. लादी पार झाल्यावर मग ठोका दिला. भोकांत सिलिकॉन भरून अँकर बोल्ट आवळले. पहिल्या भोकाला एक लादी तडकलीच. ती तशीच आहे. नंतर मी दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळून पाहिले. माझे वजन ब्याऐंशी किलो. ते इतके दिवस घरात कुणाच्या उपयोगी पडले नव्हते.

जमिनीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. पाट गेला, त्या जागी रबरी पायांचे स्टूल आले. पाट जाताना आई थोडी कुरकुरली. आणि कडी? तीही बदलली. आतून लावता येते आणि बाहेरच्या बाजूला एक खाच आहे. वेळ पडली तर तीत नाणे घालून फिरवले की दार उघडते. आईला ती दाखवली. तिने आत जाऊन कडी लावून पाहिली, काढून पाहिली, आणि विचारले, “नाणं कुठे ठेवणार?”

“देवघरात. तुझ्या नजरेसमोर.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. त्या दिवशी तिची कणकण गेली.

हिशेब असा : प्लंबर आणि सामान बत्तीसशे, दांडी चौदाशे, स्टूल सातशे, ग्राउट आणि व्हिनेगर सहाशे, पट्ट्या पाचशे, नवा दिवा साडेतीनशे, कडी अडीचशे. एकूण सात हजार. खालच्या गृहस्थांच्या छताला रंग लावून दिला त्याचे अडीच हजार वेगळे. ते नको नको म्हणत होते. पण नळ आमचा होता.

नरक चतुर्दशीला पहाटे आईने नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या डोक्यावर तेल थापले. मुलीने पाटाऐवजी स्टुलाभोवती रांगोळी काढली. ती पहिल्याच तांब्यात वाहून गेली. सगळ्यांची आंघोळ झाल्यावर आई आत गेली. कडीचा आवाज आला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सौ.नी माझ्याकडे पाहिले, मी देवघरातल्या नाण्याकडे पाहिले. पण आतून अधूनमधून तांब्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. आम्ही दोघे फराळाच्या ताटांकडे वळलो.

वर्ष झाले. नळ पुन्हा सैल झालेला नाही. दांडीला मात्र मधोमध चांगलीच झळाळी आली आहे. दिवसातून एकदा धरून एवढी येणार नाही, म्हणून मी थोडी पाळत ठेवली. सौ. कपडे धुऊन उठताना ती धरतात. आणि परवा पाय धुऊन उठताना माझ्या लक्षात आले, की माझाही हात तिथेच आहे.