डेल्को फिरवून दोष जात नाही

इंजिनचे काम काढले, पैसे मोजले, गाडी एका सेल्फमध्ये सुरूही झाली. पण चढावर ओढत नाही. अशा वेळी गॅरेजात ठरलेले उत्तर मिळते : "नवीन काम आहे भाऊ, हजार किलोमीटर चालू द्या, मोकळी होईल." नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, हे खरेच आहे. पण या एका सत्याच्या आड इतर सगळे दोष झाकायचे का, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या संस्थेकडे 1998 ची कार्बोरेटरवाली मारुती ओम्नी आहे. मोताळा तालुक्यातल्या गावांतून रुग्णांना बुलढाण्याला पोहोचवणे हे तिचे मुख्य काम. वाटेत राजूर घाट लागतो. लोकांच्या वर्गणीतून तिचे इंजिन बांधून घेतले : बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, हेड फेसिंग, नवा टायमिंग बेल्ट. गाडी परत आली ती सपाटीवर बरी चालली. घाटात मात्र पहिल्या गिअरवर रडू लागली. मागे डायलिसिसचा रुग्ण बसलेला असताना "मोकळी होईल" हे आश्वासन पुरत नाही.

आम्ही तीनदा गॅरेजात गेलो. पहिल्या वेळी मिस्त्रींनी टायमिंग लाइट लावला. करंट उशिरा पडतोय म्हणाले आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ज्याला गॅरेजात सगळे डेल्को म्हणतात, तो फिरवून खूण जुळवली. ओढ आली नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी डेल्को कानाच्या अंदाजाने आणखी पुढे घेतला; थोडा पिकअप वाढला, पण चढावर इंजिन ठोके मारू लागले. तिसऱ्या वेळी तो परत खुणेवर आणला आणि निकाल दिला : कार्बोरेटर गेला, नवा घ्या. म्हणजे पुन्हा वर्गणी!

इथे थांबून विचार केला पाहिजे. इंजिनात दोन वेगवेगळी टायमिंग असतात. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवते. प्लगमध्ये ठिणगी केव्हा पडायची हे इग्निशन ठरवते. क्रँक दोन फेरे फिरते तेव्हा कॅम एक फेरा फिरते. या ओम्नीच्या इंजिनात कॅम बेल्टवर चालते आणि डेल्कोला कॅमच फिरवते. म्हणून बेल्ट एक दात मागे बसला, तर व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही उशिरा होतात. मग मिस्त्री डेल्को फिरवतात आणि ठिणगी जागेवर येते. व्हॉल्व्ह मात्र उशिराच राहतात.

आणि टायमिंग लाइट काय सांगतो? ठिणगीच्या क्षणी क्रँक कुठे आहे, एवढेच. कॅम कुठे आहे हे तो सांगूच शकत नाही. त्यामुळे लाइटवर खूण जुळली म्हणजे टायमिंग जुळले, हा समज अर्धवट आहे. मूळ दोष तसाच ठेवून त्याचे लक्षण तेवढे दुरुस्त झाले, असा याचा अर्थ. आमच्या गाडीत याचा पुरावा डोळ्यांसमोर होता : खूण जुळवण्यासाठी डेल्को त्याच्या खाचेच्या पार टोकाला न्यावा लागला होता. सगळे नीट बसवले असेल तर तो खाचेच्या टोकाला का जावा?

म्हणून आम्ही कार्बोरेटरला नकार दिला आणि क्रमाने तपासणी मागितली. आधी टॅपेटचा गॅप. तो फार कमी असला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तो बरोबर निघाला. मग तिन्ही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चांगल्या बॅटरीवर कॉम्प्रेशन मोजले. तिन्ही सिलिंडरमध्ये ते कमी होते, आणि तिन्हीत जवळपास सारखेच कमी होते. हा फरक महत्त्वाचा आहे. एकाच सिलिंडरमध्ये कमी असते तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रिंगा असा संशय घेता आला असता. प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले. आकडा फारसा वाढला नाही. म्हणजे "रिंगा बसायच्यात" हा दावाही टिकला नाही. कॅम उशिरा असली की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, वर येणारा पिस्टन आत आलेला चार्ज काही प्रमाणात मागे ढकलतो आणि सगळीकडे दाब सारखाच घटतो.

कव्हर उघडले. क्रँकच्या बेल्ट-गिअरवरची खूण जागेवर होती, कॅमच्या पुलीची खूण एक दात मागे. हेड फेस केल्याने कॅम क्रँकच्या थोडी जवळ येते आणि किंचित फरक पडतो, पण दाताएवढा नाही.

तेव्हा तिथला हेल्पर, जेमतेम एकोणीस वर्षांचा मुलगा, हळूच म्हणाला, "टेन्शनर आवळताना पुली सरकली होती, सर." बेल्टचा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला न ठेवता ओढीच्या बाजूला राहिला की असे होते. त्याने ते पाहिले होते. पण गॅरेजच्या उतरंडीत हेल्परने पाना द्यायचा असतो, मत नव्हे. समाजशास्त्रात आम्ही ज्ञान आणि सत्ता यांचे नाते पुस्तकात शिकलो. इथे त्याची किंमत घाटात अडकलेल्या रुग्णाने मोजली.

बेल्ट नीट बसवला. प्लग काढलेले ठेवूनच पान्याने क्रँक चालीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवली आणि खुणा पुन्हा पाहिल्या. मगच डेल्को लावला, कारण आधीचा फिरवलेला डेल्को तसाच ठेवला असता तर करंट फार लवकर पडला असता. आता खूण खाचेच्या मध्यावर जुळली. ओम्नी रुग्ण घेऊन दुसऱ्या गिअरवर घाट चढते. कार्बोरेटर जुनाच आहे.

गाडी असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने इंजिन बांधून घेताना पुढच्या गोष्टी मागून घ्याव्यात. बेल्ट आवळल्यावर दोन फेरे फिरवून खुणा आपल्यासमोर दाखवा. पहिला पिस्टन वर आला म्हणजे कॉम्प्रेशनच आहे असे धरू नका. दोन फेऱ्यांत तो दोनदा वर येतो, म्हणून प्लगच्या भोकावर बोट ठेवून दाब तपासा. चुकीच्या फेऱ्यावर डेल्को बसला तर गाडी सुरू होत नाही, उलट कार्बोरेटरमधून फटाके मारते. वायरी 1-3-2 या क्रमाने आहेत का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून घ्या. आणि काम करताना जो हेल्पर हजर होता, त्यालाही विचारा.

मिस्त्रींचा अनुभव मोठा असतो, त्याचा आदर आहेच. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. जे फिरवायला सोपे आहे तेच फिरवत राहायचे आणि जे उघडायला अवघड आहे ते झाकून ठेवायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. कव्हर उघडा म्हणण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याला आहे, आणि तो त्याने वापरलाच पाहिजे.