चेंडूफळीची सदर कचेरी

माळकरी घराण्यात वाढलेल्या, आणि गावच्या गुत्त्यावरून जाताना मान खाली घालण्याची शिस्त लहानपणीच अंगी बाणलेल्या मजसारख्या भातकुलीकराने परमुलखात एका मद्यगृहाच्या दर्शनासाठी वाट वाकडी करावी, हे वडिलांना खचित रुचले नसते. परंतु हॅम्पशायर परगण्यात, हॅम्बल्डन गावाबाहेर, ब्रॉडहाफपेनी डाऊन नामक माळासमोर उभे असलेले ‘बॅट अँड बॉल’ हे अठराव्या शतकात क्रिकेटची जणू सदर कचेरीच होते.

रिचर्ड नायरन हा तेथला मालक, आणि तोच हॅम्बल्डन संघाचा कप्तान. क्लबचे वर्गणीदार सरदार-जहागीरदार खरे, पण मैदानात नाव काढले ते रयतेने: डेव्हिड हॅरिस कुंभार, जॉन स्मॉल मूळचा जोडे शिवणारा. ड्यूक ऑफ डॉर्सेटने या स्मॉलला हमाली भरून एक व्हायोलिन नजर केले, तेव्हा या गृहस्थाने उलट दोन फळ्या व चेंडू धाडले, आणि हमाली आपणच भरली! मला या माणसाचा स्वभाव त्याच्या धावांहून अधिक आवडला.

१७७१ साली चर्टसीकडून खेळणारा टॉमस व्हाइट यष्ट्यांच्या रुंदीएवढी फळी घेऊन उतरला, तेव्हा हॅम्बल्डनच्या मंडळींनी लेखी तक्रार करून सव्वाचार इंचांची मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. तो फैसला आजतागायत जारी आहे. भातकुलीच्या सुताराने घडविलेल्या आमच्या बाभळीच्या फळ्या तेवढ्या त्याच्या अमलाबाहेर होत्या. रस्त्यापलीकडे १९०८ सालचा पाषाणस्तंभ आहे. त्यावर वाकड्या फळ्या आणि दोनच यष्ट्या कोरलेल्या पाहून क्षणभर विटीदांडूचा भास होतो. तिसरी यष्टी मागून आली: १७७५ साली लम्पी स्टीव्हन्सचा चेंडू स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून अनेकदा आरपार गेला, तरी तो नाबाद!

माझ्या भेटीच्या दिवशी सामना चालू होता. मी लिंबूपाणी घेऊन बाकावर बसलो. चुनखडीच्या त्या टेकडीवरील गवत असे दाट, की चेंडू अदबीने उसळत होता. आमच्या खारपाणपट्ट्यातील वैशाखात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर, चेंडू कोठून उठेल याचा ब्रह्मदेवालाही पत्ता नसताना खेळायला शिकलेला पोरगा येथे सहज पन्नास काढील, असे मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांस ऐकविले. त्यांनी पेला खाली ठेवला, आणि पुढच्या रविवारी एक गडी कमी पडतो आहे, असे गंभीरपणे कळविले.