अर्ध्या वाटेवरून

आमच्या घरीं कोठें जावयाचें म्हणजे नऊ माणसें, दोन फराळाचे डबे आणि एक औषधांची पिशवी असा लवाजमा निघतो. लग्नाला अकरा वर्षें होऊनही आम्ही दोघेंच अशीं कधीं बाहेर पडलों नव्हतों. त्यामुळें दोन वर्षांपूर्वीं आषाढांत "रविवारीं आपण दोघेंच रायगडावर जाऊं," असें ह्यांनीं म्हटलें, तेव्हां मला आनंदापेक्षां आश्चर्यच अधिक वाटलें.

कारण मागाहून उमगलें. मामंजी दरवर्षीं एकदां रायगड पायीं चढत. त्यांना जाऊन वर्ष होत आलें होतें. तो नेम खंडूं नये, असें ह्यांच्या मनानें घेतलें होतें. सासूबाईंनीं नको म्हटलें नाहीं. आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना कडेवर घेऊन "पाऊस पाहून पाऊल टाका," एवढेंच त्या म्हणाल्या.

आम्हां पुणेकरांची पावसाची कल्पना फार मर्यादित. पुण्यांत वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरीं ५,००० हून अधिक. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीची भिंत चढतां चढतां निवतात आणि आपलें ओझें तेथेंच टाकतात; पुण्याच्या वाट्याला येतें तें उरलेंसुरलें. भूगोलांत पाठ केलेली ही गोष्ट ताम्हिणी घाट उतरतांना आमच्या गाडीच्या काचेवर प्रत्यक्ष आदळूं लागली.

पाचाडला पोहोंचलों तों वाऱ्यामुळें रोपवे बंद. आम्हांला तर पायऱ्यांनींच जावयाचें होतें. गड सुमारें २,७०० फूट उंच. पायऱ्या दीड हजारांच्या घरांत. चित दरवाज्यापासून पहिल्या तीन-चारशें आम्ही हौसेनें चढलों. मग धुकें इतकें दाटलें कीं, चार हातांवरील ह्यांची पाठही अंधुक झाली. पायऱ्यांवरून तांबडें पाणी लोंढ्यानें येऊं लागलें आणि त्याबरोबर लहान लहान खडे. तेवढ्यांत वरून एक धोंडा गडगडत आला, ह्यांच्या पुढें पायरीवर आदळला आणि दरींत नाहींसा झाला.

मी थांबलें. ह्याच महाड तालुक्यांत २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं होतीं. तीं तर आपापल्या घरींच होतीं. आम्ही मात्र आपण होऊन डोंगराच्या तोंडीं आलों होतों.

"निम्मी वाट तर झाली," हे म्हणाले. "तूं ह्या आडोशाला थांब. मी महादरवाज्याला हात लावून येतों."

नवऱ्याच्या उत्साहास आडवें येऊं नये, हें ऐकतच आम्ही वाढलों. परंतु त्या क्षणीं माझ्या तोंडून निघून गेलें, "अहो, मामंजींचा नेम नुसता चढण्याचा नव्हता. दरवर्षीं ते उतरून घरींही येत असत!"

माझे शब्द त्या वाऱ्यांत किती ऐकूं गेले कोण जाणे; पण ते वळले.

उतरतांना मला हिरकणी आठवली. संध्याकाळीं गडाचे दरवाजे मिटले, तेव्हां तान्ह्या बाळाच्या ओढीनें ती गौळण उभा कडा उतरून गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. रायगडावरील तो बुरूज चढून जाणाऱ्या वीराच्या नांवाचा नसून उतरून घरीं गेलेल्या आईच्या नांवाचा आहे, हें मला त्या दिवशीं प्रथम जाणवलें.

घाट लागेपर्यंत हे एक अक्षर बोलले नाहींत. ह्यांचा नेम आपण मोडला, ह्या विचारानें माझा जीव थोडा थोडा होत होता. अखेर गाडी बाजूस घेऊन ते म्हणाले, "धोंडा मलाही दिसला होता. पण वर पोहोंचलों नाहीं तर बाबा खरोखरच गेले, असें वाटत होतें."

आणि ते रडले. मामंजी गेले त्या तेरा दिवसांत आल्यागेल्यांची व्यवस्था पाहतां पाहतां ह्यांना रडावयास सवडच मिळाली नव्हती. आणि नऊ माणसांच्या घरांत ती पुढेंही मिळाली नसावी.

मार्गशीर्षांत आम्ही सारींच गेलों. सासूबाई मुलांना घेऊन रोपवेनें, आम्ही दोघें पायऱ्यांनीं. वाटेंत एके ठिकाणीं हे थांबले, वाकले आणि एका पायरीला त्यांनीं हात लावला. आम्ही परतलों ती जागा मला मुळींच ओळखूं आली नव्हती.