सोलापूरची दोन कार्डे

सोलापूरला जावयाचे तर संक्रांतीला जावे, असे माझी अक्का गेली कित्येक वर्षे सांगत आली आहे; आणि मी तितकीच वर्षे काही ना काही निमित्त काढून ते टाळीत आलो आहे. यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या जानेवारीत मात्र भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही याच. बाबांना समजावून सांगणारं कोणीतरी हवं." अक्काच्या घरी काहीतरी तंटा आहे एवढे उमगले आणि हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री दहाच्या सुमारास मी सोलापूर स्टेशनावर उतरलो.

तंटा ग्राफिक्स कार्डाचा होता!

ज्यांच्या घरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे त्या वाचकांना ही काय चीज आहे ते सांगावयास नको. इतरांसाठी दोन शब्द. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळ चालू असताना हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. हे काम एका विद्वानाचे नव्हे, पुष्कळशा साध्या हातांचे. ते हात ज्या पाटीवर बसविलेले असतात ती पाटी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. भाच्याकडे होते ते २०१९ सालचे जीटीएक्स १६५०. त्याला असे हात ८९६. हवे होते ते २०२५ च्या मे महिन्यात निघालेले आरटीएक्स ५०६०, त्याला ३८४०. भाच्याने दोन वर्षे संध्याकाळी कारखान्याचे हिशेब लिहून बत्तीस हजार रुपये साठविले होते. पैसे त्याचे, घाम त्याचा, पण दाजींचे म्हणणे एकच, "जूनपर्यंत थांब."

"जूनमध्ये काय आहे?" मी अक्काला हळूच विचारले.

"त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा," अक्का म्हणाली आणि शेंगांच्या चटणीची बरणी माझ्यापुढे सरकवून आत निघून गेली.

सकाळी दाजी मला कारखाना दाखवावयास घेऊन गेले. सोलापूरचा पूर्व भाग ज्याने पाहिला नाही त्याने सोलापूर पाहिले नाही. गल्लीच्या तोंडाशीच मागांची खटखट कानी पडते, आणि आत शिरल्यावर माणसे तोंडाने कमी व हातवाऱ्यांनी जास्त बोलतात. जे काही बोलतात ते तेलुगूत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे गाव विणले, असे म्हणावयास हरकत नाही. बाजारात कानडी कानी येते, घरी आल्यावर मराठी, आणि तिन्ही भाषांत हेल सोलापुरी!

दाजींचे आठ माग टॉवेलचे. टॉवेलला ताणे दोन लागतात. एक घट्ट, कापडाच्या अंगाचा. दुसरा सैल, ज्याचे टॉवेलवर फासे उभे राहतात. हे मला आजवर ठाऊक नव्हते, आणि आयुष्यभर मी सोलापुरी टॉवेलनेच अंग पुशीत आलो आहे. कोपऱ्यातल्या दोन मागांवर जॅकार्ड होते. भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरत होती. भोक असले की सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नसले की धागा खाली राहतो. अशा हो-नाही मधूनच फुले, मोर, कंपनीचे नाव, काय हवे ते उमटते. फ्रान्समधल्या ल्यों शहरी जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली ही युक्ती सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात तीच भोकांची कार्डे घेतली. म्हणजे भाच्याच्या टेबलाखालच्या पेटीचे दाजींच्या मागाशी लांबचे का होईना, नाते लागते. हे मी दाजींना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते हसले नाहीत.

"पाव्हणं, मी थांबून काय मिळवलं ते सांगतो," ते म्हणाले. आम्ही बाहेर चहाला आलो होतो. "धोटा नसलेला रेपिअर माग घ्यायचं मी किती वर्षं बोलतोय. दर साली वाटायचं, पुढच्या साली याहून चांगला निघेल. आणि दर साली निघायचाच!"

नव्या यंत्राच्या कर्जाला हातभार लावणारी केंद्र सरकारची योजना १९९९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली होती. २०१६ मध्ये तिला नवे रूप मिळाले, आणि ३१ मार्च २०२२ रोजी ती संपली. दाजींचा अर्ज तेव्हाही टेबलाच्या खणातच होता.

"मग मुलाला थांब का म्हणता?"

दाजींनी बशी खाली ठेवली. "आठ माग मोडीत काढून दोन रेपिअर घ्यायचे, तर कर्ज सात-आठ वर्षांचं. मी पंचावन्नचा. ते फेडताना कारखान्यात कोण असणार, हे कळायला नको? जूनमध्ये तो पुण्याला गेला, की ती पेटी इथंच धूळ खाणार आणि नवे मागही."

हे त्यांनी मुलाला विचारले होते काय? छे! बापलेक ग्राफिक्स कार्डावर तीन आठवडे भांडत होते, ते बहुधा हा प्रश्न विचारावा लागू नये म्हणूनच.

दुपारी गड्ड्याच्या यात्रेला गेलो. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी, त्यांनी तोललेले उंचच उंच सात नंदीध्वज, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकावयास लोटलेले गाव आणि मंदिराभोवतीचे तळ्याचे पाणी. हे सारे डोळे भरून पाहिले. गर्दीत भाचा माझा हात धरून चालत होता आणि कानाशी कार्डाविषयीच बोलत होता. त्याचा अभ्यास पक्का होता. २०२०-२१ मध्ये आभासी चलन 'खोदणाऱ्यांनी' कार्डे पळविली आणि भाव गगनाला भिडले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, खोदकाम थांबले आणि भाव उतरले. तेव्हा थांबले ते शहाणे ठरले. उलट २०२५ च्या अखेरीस एआयच्या कारखान्यांनी मेमरीच्या चिपा उचलल्या, त्या महागल्या. तेव्हा थांबले ते फसले. त्याच्या एका मित्राने खोदकामात रात्रंदिवस राबलेले जुने कार्ड स्वस्तात घेतले होते. ते चार महिन्यांत गेले. (हे मी दाजींना सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "जुना माग घेण्यासारखंच की!")

"डिझाइन करायला हे कार्ड लागतं, असं सांग बाबांना," मी सुचविले.

"नाही लागत, मामा. टॉवेलचं डिझाइन आहे त्या कार्डावर आरामात होतं. मला खेळायलाच हवंय."

पोराचा हा खरेपणा मला आवडला. मग मी धीर करून विचारले, "पुण्याला गेलास तर एवढी मोठी पेटी नेणार कशी?"

तो थांबला. मागून गर्दी अंगावर आली. "मी जाणार असं कोण म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दाजी 'नुसते बघायला' आले होते. दुकानदाराने भाच्याची पेटी उघडली आणि मान हलविली. जुन्या कार्डाला ७५ वॉट पुरत आणि ते त्याला खाचेतूनच मिळत. नव्याला १४५ वॉट हवेत, वेगळी तार हवी. पेटीतला पॉवर सप्लाय त्याला पुरणार नाही. ५५० वॉटचा घ्या. बत्तीस हजारांत कार्ड बसत होते, सप्लाय बसत नव्हता. भाचा गप्प झाला. "ठीक आहे. राहू दे मग. जूनमध्ये बघू."

"जूनमध्ये काय बघायचंय?" दाजी एकदम म्हणाले. "मामाला सांगितलंस ते मला सांगायला काय झालं?"

भाच्याने माझ्याकडे रागाने पाहिले. मी दुकानातल्या की-बोर्डांची किंमत वाचू लागलो.

"इथंच राहणार आहे," तो पेटीकडे बघत म्हणाला. "पण ते पुठ्ठ्याचं जॅकार्ड मी चालवणार नाही. इलेक्ट्रॉनिक घ्यायचं."

दाजी त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी दुकानदाराला विचारले, "वॉरंटी किती?"

"कार्डाची तीन वर्षं."

"तीन," दाजी म्हणाले, आणि सप्लायचे पैसे देण्यासाठी त्यांनी खिशातून पाकीट काढले.